वजनाचं ऑपरेशन ठरवताय? आधी घरातली वाटी बदला

चार वर्षांपूर्वी माझं वजनाचं ऑपरेशन झालं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करतात ते. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, फार दुखतं का हो?" दुखतं, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त त्रास मला दुसऱ्या आठवड्यात झाला. घरच्यांसाठी कांदेपोहे परतत होते आणि माझ्या वाट्याला गाळलेलं मुगाचं कढण होतं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, पण घरात पोळ्या लाटणारी मीच आहे हे त्यांच्या फायलीत कुठेच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. साताऱ्याला शाळेत शिकवते, ऑपरेशन पुण्यात झालं. पुढे लिहिलंय ते अनुभवातून, आणि डॉक्टर-आहारतज्ज्ञांना चार वर्षं प्रश्न विचारून भंडावून सोडलं त्यातून. औषधांचे डोस आणि शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी हे बघा: आपण यात बसतो का?

बीएमआय काढा. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीने एकदा भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागायचं. माझी उंची १.५५ मीटर, वजन १०८ किलो. उत्तर आलं ४५ च्या जरा खाली.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेला नियम जगभर वर्षानुवर्षं चालला: बीएमआय ४० च्या वर असेल तर ऑपरेशन, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही असेल तर. २०२२ मध्ये या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी सल्ला देतात, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार करतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी हे आकडे आणखी खाली धरले जातात, कारण आपली चरबी पोटाभोवती साठते आणि कमी वजनातच साखर मागे लागते. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडचे बरेच सर्जन ३५ हा आकडा धरतात, किंवा ३० आणि लठ्ठपणाशी जोडलेले दोन आजार.

मुलीच्या लग्नाआधी दहा किलो उतरवायचे आहेत, यासाठी हे ऑपरेशन नाही. पोटावरची चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, ते वेगळं. त्याने साखर-रक्तदाबात फरक पडत नाही. दारूचं व्यसन किंवा उपचार न घेतलेलं नैराश्य असेल तर चांगला सर्जन आधी ते मार्गी लावायला सांगेल. सांगितलं तर चिडू नका, तुमचाच फायदा आहे.

आणि वजन उतरवायची इंजेक्शनं? हा प्रश्न आता प्रत्येक फोनमध्ये येतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आल्यापासून तो यायलाच हवा. या औषधांनी सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरतं, पण बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत चढतं. बीएमआय ३२-३३ असेल तर मी स्वतः आधी त्याबद्दलच विचारलं असतं. ४५ ला मी ऑपरेशनच निवडलं असतं, आजही.

स्लीव्ह की बायपास

नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय पहिल्यांदा निघाला. तेव्हा आम्हा सगळ्यांचा समज होता की पोटाला रबर बांधतात. तसा पट्टा बसवायची पद्धत होती खरी, पण ती आता जवळजवळ मागे पडली आहे. आज मुख्यतः दोन प्रकार ऐकायला मिळतील.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, तिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावतं. कापलेल्या भागात भुकेचं संप्रेरक जास्त बनत असतं, त्यामुळे पहिले काही महिने भूकच मंदावते. मला तर जेवायची आठवण करून द्यावी लागायची. मी, जिला शाळेतल्या दुसऱ्या तासालाच डबा आठवायचा!

बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न आतड्याचा काही भाग टाळून पुढे जातं. मधुमेहावर हा प्रकार जास्त परिणामकारक ठरतो; वजनही थोडं जास्त उतरतं. बदल्यात जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते आणि गोळ्यांत हयगय चालत नाही. 'मिनी बायपास' हा त्याचाच एक प्रकार, त्यात जोड एकच असतो.

निवड करताना एक गोष्ट आवर्जून सांगा: तुम्हाला आंबट ढेकर, छातीत जळजळ होते का? स्लीव्हनंतर ती वाढू शकते, म्हणून ज्यांना आधीच फार त्रास आहे त्यांना बहुधा बायपास सुचवतात. माझ्यासोबतच्या एका बाईने "पित्त तर सगळ्यांनाच होतं" म्हणून ते सांगितलंच नाही. आता ती रोज पित्ताची गोळी घेते.

स्लीव्ह परत फिरवता येत नाही. कापलेलं जठर गेलं ते गेलं. सही करण्याआधी एक रात्र हे वाक्य उशाशी घेऊन झोपा.

पैसे आणि विमा

पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत साधारण अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान आकडे ऐकायला मिळतात. बिलातला मोठा वाटा जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरचा आणि त्याच्या काडतुसांचा असतो. 'पॅकेज' म्हणतील तेव्हा विचारा: स्टेपलर त्यात धरलाय का, आहारतज्ज्ञांच्या वर्षभराच्या भेटी धरल्यात का, आणि काही बिघडलं तर पुन्हा ॲडमिट करायचा खर्च कुणाचा? मी आधी गेले होते त्या ठिकाणी पहिल्या वीस मिनिटांत "आज बुक केलंत तर सूट" असं ऐकवलं. उसाचा रस पिऊन घरी आले. (ऑपरेशननंतर तोही सुटला.)

विम्याचं गणित वेगळं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत हे ऑपरेशन काही अटी पूर्ण झाल्या तरच बसतं: वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा लेखी सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असं काहीतरी हवं, आणि इतर उपाय करून झालेले असावेत. म्हणजे डॉक्टर ३२ ला 'करा' म्हणाले तरी विमा कंपनी नाही म्हणू शकते. यात डॉक्टर खोटं बोलत नसतात. वैद्यकशास्त्र पुढे गेलंय, विम्याचा कागद मागे आहे.

'इतर उपाय केले' याचा पुरावा मागतात. जुन्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, साखरेचे रिपोर्ट, सगळं एका फायलीत लावा. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी संपलाय का ते तपासा. आणि खोली घेताना पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती ओलांडली तर फक्त भाड्यातला फरक जात नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. एका रात्रीच्या डिलक्स खोलीपायी लाखभर रुपये खिशातून भरणारे लोक पाहिलेत मी.

आधीचे दोन महिने

तपासण्यांची यादी लांबलचक असते: रक्त, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, बी१२, डी, लोह, पोटाची सोनोग्राफी, तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, हृदयाची इको, घोरत असाल तर झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांशी एक भेट असते. "मी काय वेडी आहे का?" असं मी घरी येऊन म्हटलं होतं. खरं तर त्या बाईंनी विचारलेला प्रश्नच पुढे कामी आला: "तुम्ही भूक नसताना कधी खाता?" उत्तर होतं, रात्री साडेदहाला, पेपर तपासताना, फरसाण.

तंबाखू पूर्ण बंद. यात सिगारेट आली, गुटखा आला आणि मिशेरीही आली. आपल्याकडे बायका मिशेरीला तंबाखू समजतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तर "काही व्यसन नाही" म्हणतात. तंबाखूने टाके भरून यायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. किमान सहा आठवडे आधी सोडा आणि मग हात लावू नका.

शेवटचे दोन आठवडे लिव्हर लहान करण्याचा आहार देतात: भात-पोळी-साखर जवळजवळ नाही, प्रथिनं आणि पातळ पदार्थ जास्त. फॅटी लिव्हर फुगून जठरावर पसरलेलं असतं आणि ऑपरेशनमध्ये ते बाजूला उचलून धरावं लागतं. लहान आणि मऊ झालं की सर्जनचं काम सोपं. या दिवसांत 'आता पुढे मिळणार नाही' म्हणून मिसळ-श्रीखंडाचा निरोपसमारंभ करणारे खूप असतात. मीही एकदा केला, कबूल करते. साखरेच्या किंवा इन्सुलिनच्या औषधांवर असाल तर हा आहार सुरू करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल.

आता घराची तयारी. याला मी तपासण्यांइतकंच महत्त्व देते.

ऑपरेशननंतरचे किमान तीन आठवडे स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे द्या. नवरा, सासूबाई, डबेवाली, कुणीही. फोडणीचा वास सहन होत नाही हा एक भाग, आणि चव बघायला म्हणून बोट चाटायची सवय हा दुसरा. मिक्सरचं भांडं धारदार आहे ना पाहा. बारीक गाळणी, थर्मास, ३० मिलिलिटरची खूण असलेला औषधाचा छोटा कप आणि लहान चमचे आणून ठेवा. आणि तुमची नेहमीची वाटी मागे सारा. मी देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीच्या मापाची एक वाटी आणली. सासूबाई म्हणाल्या, "देवाला एवढंसं पुरतं, तुला का पुरणार नाही!" त्या थट्टेत म्हणाल्या, पण माप अगदी बरोबर निघालं.

रुग्णालयातले दोन-तीन दिवस

हा भाग सगळ्यात जास्त घाबरवतो आणि सगळ्यात लवकर संपतो. पूर्ण भूल, पोटावर चार-सहा छोटी छिद्रं, दुर्बिणीतून काम. स्लीव्हला साधारण तास-दीड तास, बायपासला थोडा जास्त. संध्याकाळीच चालायला लावतात. नको वाटलं तरी चाला. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते असतं, त्यासाठीच पोटात इंजेक्शन आणि पायात घट्ट मोजे. तीन चेंडू वर ओढायचं प्लास्टिकचं खेळणं देतात, ते फुफ्फुसांसाठी. झोपेत श्वास अडकतो म्हणून घरी श्वासाचं यंत्र लावत असाल तर ते सोबत न्या.

खांदा दुखतो, आणि लोक घाबरतात की हृदय आहे की काय. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे ते होतं, चालल्यावर कमी होतं. मळमळ येते. पाणी घोट-घोट देतात, त्या ३० मिलिलिटरच्या कपातून, दहा-पंधरा मिनिटांत एक कप. मी पहिल्यांदा ते बघून हसले होते. दोन कपांत पोट गच्च.

जिवाचा धोका किती? अनुभवी हातात हजारात एकाच्या आसपास मृत्यू सांगितले जातात, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. स्टेपलच्या रेषेतून गळती होणं ही खरी भीती, ती शंभरात एक किंवा त्याहून कमी. वय, हृदय, वजन यांनुसार तुमचा आकडा बदलेल. तो सर्जनलाच विचारा. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोण उचलणार, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाव आणि नंबर असं यायला हवं.

पहिले दोन महिने: कढणापासून भाकरीपर्यंत

प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, आपल्या आहारतज्ज्ञांचंच पाळा. साधारण चढण अशी असते.

पहिले एक-दोन दिवस फक्त पारदर्शक पातळ: पाणी, नारळपाणी, वरणाच्या वरचं पाणी. मग दोन आठवडे पातळ: गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, साय काढलेलं दूध, कुळथाचं गाळलेलं कळण, प्रथिनांची पावडर घातलेलं पाणी किंवा दूध. मांसाहारी असाल तर गाळलेलं चिकनचं सूप, पण अळणी. आपल्याला सूप म्हटलं की तिखटमीठ आठवतं. पहिले काही आठवडे तिखट ठेवाच बाजूला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण, घोटलेलं पनीर, दही, दुधीची भाजी घोटून. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ: उकडलेलं अंडं, पातळ पिठलं, गुरगुट्या भाताचे दोन चमचे भरपूर वरणात, काटे काढलेला मऊ मासा. दोन महिन्यांच्या आसपास हळूहळू नेहमीचं अन्न. कोरडी भाकरी, पाव, चिकट भात आणि चिकनचा रेषाळ तुकडा हे शेवटी आणा, हेच अडकतात.

अडकणं म्हणजे काय, ते एकदा झाल्याशिवाय कळत नाही. छातीच्या मध्ये दगड बसल्यासारखं होतं, तोंडात फेस येतो, आणि शेवटी तो घास वर येतो. माझं झालं ते शाळेत, मधल्या सुट्टीत, पोळीचा घास घाईने गिळला म्हणून. कारण नेहमी तीनपैकी एक: मोठा घास, न चावलेला घास, किंवा पोट भरल्यावरचा घास. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. ढेकरेची वाट बघू नका. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते. माझं नाक. नाक वाहिलं की चमचा खाली.

जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी थांबवायचं, अर्ध्या तासाने सुरू करायचं. जेवणाच्या ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची आपली पद्धत आहे, म्हणून मी तांब्याच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला. दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, तेही घोट-घोट. पहिला महिना माझं तेवढं एकच काम होतं. लघवी गडद झाली की समजायचं कमी पडतंय.

प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. शाकाहारी घरात हा आकडा गाठणं अवघड जातं, हे आधीच मान्य करा. नेहमीच्या वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. नैवेद्याच्या वाटीत यातलं किती मावेल, हिशोब करा. म्हणून पावडर लागते, एका मापात २० ते २५ ग्रॅम. 'ती जिमवाल्यांची, किडनीला वाईट' असं घरात कुणीतरी म्हणेलच. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून, नसेल तर आहारतज्ज्ञांनी दिलेल्या मापात घ्या. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. वरण-भातात आपण भात जास्त घेतो. आता वरणात भात शोधावा लागेल असं कालवा.

सोडा, कोल्ड्रिंक बंद. गोडाची गोष्ट बायपासवाल्यांनी नीट ऐका: आमरस, उसाचा रस, पाकातली जिलेबी रिकाम्या पोटी गेली तर अर्ध्या तासात धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. जीव जात नाही, पण त्या दिवशी जाईल असं वाटतं. स्लीव्हवाल्यांनाही कधीकधी होतं.

कामावर दोन-तीन आठवड्यांत जाता येतं, बैठं काम असेल तर. पाण्याचा हंडा, सिलिंडर, नातवंड उचलणं किमान महिनाभर नाही.

ताबडतोब फोन कधी करायचा

विश्रांती घेत असतानाही नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, काळी शौच, पाण्याचा घोटही न टिकणं: यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. गळती घरी आल्यावर, कधी काही आठवड्यांनीही होऊ शकते. जवळच्या डॉक्टरांनी 'गॅसेस' म्हणून गोळी दिली तरी ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या कानावर घालाच.

बरेच दिवस उलट्या होत राहिल्या आणि त्यातच दोन-दोन दिसायला लागलं, चालताना तोल जायला लागला, तर ती बी१ जीवनसत्त्वाची गंभीर कमतरता असू शकते. हे तातडीचं आहे. सलाईनमध्ये ग्लुकोज लावण्याआधी बी१ द्यावं लागतं, म्हणून ऑपरेशन झालंय हे कुठल्याही दवाखान्यात सगळ्यात आधी सांगा. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, बायपासनंतर तर नाहीच, अल्सर होतो. माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि हे दोन मुद्दे.

पहिलं वर्ष

स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के, बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. १०८ किलोच्या माणसाने ५५ ची स्वप्नं बघू नयेत. मी सगळ्यात खाली ७६ ला पोहोचले, आज ८० आहे. तिसऱ्या वर्षापासून थोडं वर येणं नेहमीचं आहे, फरसाण परत आल्याशिवाय घाबरायचं नाही. माझ्याकडे दोन किलोंइतकं फरसाण परत आलं होतं, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा एकदम थांबतो. दहा दिवस हलत नाही. प्रत्येकाला वाटतं, माझंच ऑपरेशन फसलं. काही फसत नाही, पुढे हलतो. आठवड्यातून एकदाच वजन करा.

साखरेची औषधं झपाट्याने कमी करावी लागतात, कधीकधी रुग्णालयातून निघतानाच. जुना डोस चालू ठेवला तर चक्कर येऊन पडाल. पहिले आठवडे घरी साखर तपासा. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच.

तीन ते सहा महिन्यांत केस जातात. कंगवाभर. वजन वेगाने उतरल्याचा तो झटका असतो, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात, माझे आले. कातडी लोंबते, दंडाची आणि पोटाची जास्त. व्यायामाने स्नायू भरतात पण लोंबलेली कातडी पूर्ण जात नाही, आणि ती काढायचं ऑपरेशन विम्यात सहसा बसत नाही.

बायकांसाठी महत्त्वाचं: पाळी नियमित होते आणि पीसीओडीमुळे न राहिलेले दिवस अचानक राहू शकतात. पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठेवा. पुरुषांसाठी, आणि बायकांसाठीही: दारू आता फार लवकर आणि फार जास्त चढते. एका पेगवर गाडी चालवायचा विचारही करू नका. खाणं सुटल्यावर मन दुसरा आधार शोधतं, आणि तो कधीकधी बाटलीत सापडतो.

लोक, सण आणि आग्रह

सांगायचं की लपवायचं, हा तुमचा निर्णय. मी नातेवाइकांना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. आठ महिन्यांनी सोनोग्राफीत खरंच पित्ताचे खडे निघाले, कारण वजन वेगाने उतरलं की ते होतात. ते होऊ नयेत म्हणून बऱ्याच जणांना सहा महिने एक गोळी देतात, ती मी मध्येच सोडली होती. मग चुलत सासूबाईंना दुसऱ्या पित्ताशयाचा हिशोब द्यायची वेळ आली. तेव्हापासून खरं सांगते.

आग्रहाला मात्र खरं सांगूनही उत्तर मिळत नाही. "एवढंसं तरी घे गं, तुझ्या आवडीची पुरणपोळी." पंगतीत बसायचंच असेल तर वाढायच्या बाजूला जा, वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. ही युक्ती मला एका आचारी काकांनी दिली. हळदीकुंकवाला मसाला दूध दोन घोट घ्या आणि पेला हातात धरून ठेवा. रिकामा पेला दिसला की भरतात.

उपवासाचं वेगळं. निर्जळी असो की रोजा, पहिल्या वर्षात पाण्याशिवाय राहणं धोक्याचं आहे, नंतरही डॉक्टरांना विचारून. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने छोटं पोट नुसत्या पिठाने भरतं, साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. शेंगदाण्याच्या कुटाचं तूप-तेल वेगळंच. दही, दूध, उकडलेले शेंगदाणे चालतात. माझ्या आईने तर सरळ तोडगा काढला: "तू रोजच उपवास करतेस, तुला वेगळी एकादशी कशाला?"

दर वर्षी

मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम, लोह: या गोळ्या आयुष्यभर असतात, स्लीव्ह असो की बायपास. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. मी लोह सकाळी शाळेत पोहोचल्यावर घेते, कॅल्शियम रात्री. चहासोबत लोहाची गोळी वाया जाते, म्हणून चहा तासाभराने.

पहिल्या वर्षी रक्ततपासण्या दर तीन-सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. बरं वाटायला लागलं की लोक दुसऱ्या वर्षीच जायचं सोडतात आणि पाचव्या वर्षी हातापायांना मुंग्या येतात तेव्हा बी१२ तळाला गेलेलं असतं. मी माझ्या तपासण्या शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या सोमवारी लावून टाकल्या आहेत, फराळाला बसायच्या आधी. रिपोर्टची फाईल, गोळ्यांचा डबा आणि ती छोटी वाटी, तिन्ही एकाच फडताळात असतात.